फ्लेक्सवरचे ‘टॉप २ टक्के’ सर

*प्रश्न : मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, नेट-जेआरएफही मिळाली. पीएच.डी.साठी दोन गाईड तयार आहेत. एक सर ‘स्टॅनफर्डच्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत’ आहेत, कॉलेजच्या गेटवर तसा मोठा फ्लेक्स आहे. दुसऱ्या मॅडमचं नाव कुठल्याच यादीत नाही. मुलीचा ओढा मॅडमकडे आहे. मी यादीवर विश्वास ठेवू की मुलीवर? — एक पालक, सांगली*

सप्रेम नमस्कार.

आधी मुलीचं अभिनंदन. जेआरएफ, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची फेलोशिप, काढणं सोपं नाही.

आता फ्लेक्सकडे वळू. ती यादी खरी आहे, पण स्टॅनफर्ड विद्यापीठानं कुणाची निवड करून दिलेला तो पुरस्कार नव्हे. तिथले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधल्या आकड्यांवरून ती तयार करतात. कुणाच्या पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, उल्लेख इतरांनी किती वेळा केला, म्हणजे सायटेशन किती, हा तिचा पाया. यादीत जगभरातली दोन लाखांहून जास्त नावं असतात. शिवाय याद्या दोन : एक सगळ्या कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षाची. फ्लेक्सवर हा फरक मी तरी अजून छापलेला पाहिलेला नाही.

या यादीत ‘एच-इंडेक्स’ही धरतात. हा आकडा होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली सुचवला. समजा, एकाच्या सहा पेपरना ४०, २२, ११, ६, ५ आणि ३ सायटेशन आहेत. किमान पाच सायटेशन असलेले पेपर पाच, म्हणून एच-इंडेक्स ५. दुसऱ्याचे पेपर चारच, पण पहिल्याला ९००, बाकीच्यांना ४, ३, २. त्याचा एच-इंडेक्स ३! ज्या पेपरनं नऊशे जणांचं काम पुढं नेलं, तो या हिशेबात चार सायटेशनवाल्या पेपरच्याच पंक्तीला बसतो.

उलटही होतं. जगात सर्वांत जास्त सायटेशन मिळालेल्या पेपरांत १९५१ सालचा लाउरी आणि सहकाऱ्यांचा पेपर येतो. तीन लाखांवर उल्लेख. विषय काय, तर नमुन्यात प्रथिनं किती आहेत ते मोजायची रीत. लॅबमध्ये ती रोज लागते, म्हणून उल्लेख होतो. सायटेशन बऱ्याचदा असं उपयोगाचं माप असतं. आणि कधीकधी ते ओळखीपाळखीचंही असतं, हे दबक्या आवाजात सगळेच बोलतात. क्लॅरिव्हेट कंपनीनं २०२३ साली आपल्या ‘हायली साइटेड’ (सर्वाधिक सायटेशनवाल्या संशोधकांच्या) यादीतून एक हजारावर नावं गैरप्रकाराच्या संशयानं बाजूला ठेवली आणि गणिताचा विभागच वगळला.

याचा अर्थ सरांचं काम पोकळ आहे असा मुळीच नाही. ते तपासता येतं, एवढंच. ती यादी एक्सेल फाईलमध्ये फुकट मिळते. मुलीला उघडायला सांगा. त्यात स्वतःच स्वतःच्या पेपरचा उल्लेख किती टक्के केला, याचा रकाना असतो. मागे घेतलेल्या पेपरांचाही असतो.

पण मी तुमच्या जागी असतो तर यादीपेक्षा ‘शोधगंगा’ या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर जास्त वेळ घालवला असता. दोन्ही गाईडची नावं टाका, किती प्रबंध झाले ते बघा. मग त्या विद्यार्थ्यांचे पेपर काढा. रसायनशास्त्रात ज्यानं प्रत्यक्ष काम केलं त्याचं नाव सहसा पहिलं येतं आणि गाईडचं शेवटी. विद्यार्थ्याच्या प्रबंधातल्या कामावर पहिलं नाव भलत्याचंच दिसलं, तर विचारायला हवं. वर्षाला पन्नास-साठ पेपर निघत असतील तर मुलीचे कच्चे खर्डे वाचायला सरांना वेळ कधी मिळणार, हेही विचारा.

आणि तिथं तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना लॅबबाहेर, चहाच्या टपरीवर गाठा. लॅबमध्ये गाईडसमोर कुणी खरं बोलत नाही.

माझा कौल विचाराल तर मुलीकडे. तिनं मॅडमचं काम वाचून मत बनवलंय, तुम्ही फ्लेक्स वाचून. (रागावू नका, मीही बाप आहे.) मात्र मॅडमकडच्या विद्यार्थ्यांना प्रबंधाला किती वर्षं लागली हे जरूर काढा. जेआरएफची फेलोशिप पुढच्या एसआरएफसकट (तिचाच वरचा टप्पा) पाच वर्षंच मिळते. तिथं सरासरी सात लागत असतील, तर शेवटच्या दोन वर्षांचा खर्च कसा भागवायचा, हे बापलेकीनं प्रवेशाआधीच बोलून घ्या.