वेगवेगळ्या देशांतल्या वादकांनी ऑनलाइन एकत्र वाजवावं अशी वाद्यवृंदाची रचना कशी करायची?

पुणे, सिंगापूर आणि लंडन इथे बसलेल्या तुमच्या बारा वादकांनी एकाच वेळी वाजवायचंय आणि भारीतलं नेट घेतलं तर लय जुळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही जुळणार. एमबीपीएस, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वाहतो तो आकडा, वाढवला की माल जास्त येतो, लवकर येत नाही.

मुंबई ते लंडन सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या अंतराचेच ३६ मिलिसेकंद गेले. त्यात समुद्राखालची केबल सरळ जात नाही, वाटेत राउटर असतात, दोन्ही टोकांना साउंडकार्ड आपला वाटा घेतं. साठ धरून चाला. हवेत आवाज मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे लंडनचा चेलोवाला तुमच्यापासून किमान वीस मीटर लांब बसलाय, आणि त्याला पुढे बोलावण्याची सोय नाही. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत माणसं सांभाळून घेतात. मोठ्या मंचाच्या दोन टोकांना बसलेले वादक एवढ्या उशिराने एकमेकांना ऐकतच असतात. त्यापुढे लय ढासळते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीत-संशोधक ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या जोड्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. उशीर वाढला की लय उतरत गेली, हे अपेक्षितच. गंमत म्हणजे उशीर अगदीच कमी असला की माणसांची लय किंचित पुढे पळायला लागे.

मी हे सगळं २०२० मध्ये ठेच खाऊन शिकलो. पुण्यातली दोन व्हायोलिनं आणि जर्मनीतला एक चेलो यांच्यासाठी हौसेने जलद लयीतला तुकडा लिहिला. आठव्या बारपर्यंत (पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या आठव्या खंडापर्यंत) तो विलंबित झाला होता. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतोय, दुसरा पहिल्याची. वर मीटिंगच्या ॲपने चेलोचा लांबलेला खर्ज पंख्याची घरघर समजून गाळून टाकला आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी मात्र इमानदारीने पोचवली.

तेव्हापासून मी उशिराला तंबोऱ्यासारखं रचनेतलं एक वाद्य मानतो. आपल्याकडच्या माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं. आलापाला साठ मिलिसेकंदांनी काय फरक पडतो? काहीच नाही. ठेका सुरू झाला की भांडण सुरू. तेव्हा पहिलं काम हे की शहराशहरांमध्ये लांब स्वर, सावकाश उमलणारे सुरावटीचे थर, प्रश्नोत्तरं वाटायची आणि टोकदार, बारीक लयीचं काम एकाच शहरात ठेवायचं. पखवाज पुण्यात असेल तर त्याच्या बोलांना चिकटून वाजणारी व्हायोलिनंही पुण्यातच हवीत. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये १६व्या शतकात हीच अडचण होती. समोरासमोरच्या सज्जांतले गायक-वादक एकदम गायला लागले की आवाज मागेपुढे व्हायचा. मग त्यांना आळीपाळीने बोलतं करणाऱ्या रचना आल्या आणि तिथल्या जिओव्हानी गाब्रिएली या संगीतकाराने त्याच अंतरातून वैभव काढलं.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. उशीर कमी करण्याऐवजी मुद्दाम वाढवा, पण पक्का करा. खरा त्रास उशिराचा नसतोच, तो हलता असण्याचा असतो. आत्ता साठ, मग नव्वद, मग पुन्हा सत्तर. बफर (आलेला आवाज वाजवण्याआधी थोडा वेळ धरून ठेवणारी जागा) वाढवून तो नेमका १२५ मिलिसेकंदांवर बांधला आणि लय मिनिटाला १२० ठेवली, तर समोरचा तुम्हाला बरोबर पाव मात्रा उशिरा ऐकू येतो. पाव मात्रा तर स्कोअरवर, म्हणजे सगळ्यांच्या ओळी एकत्र लिहिलेल्या स्वरलिपीत, लिहिता येते! मग ती प्रतिध्वनीसारखी वापरा.

मात्र इथे एक गोष्ट मला फार उशिरा उमगली: अशा रचनेची एक प्रत नसतेच. पुण्यात स्वतःचा आवाज आधी आणि लंडनचा पाव मात्रा नंतर, लंडनमध्ये बरोबर उलटं. म्हणून मी आता दोन स्कोअर काढतो, दुसऱ्यात समोरच्या शहराच्या ओळी पाव मात्रा सरकवून, आणि दोन्ही कानाला बरे लागतात का ते घरी संगणकावर ऐकून बघतो. एका बाजूला सुरेख बसणारा षड्ज-पंचम दुसऱ्या बाजूला रिषभावर आदळलेला सापडतो. तीन शहरं असली की तीन स्कोअर. किचकट आहे, पण खरं रचनेचं काम इथेच आहे.

ते नको असेल तर प्रवाह एकाच दिशेने सोडा. सिंगापूर वाजवेल, पुणे ते ऐकून वर वाजवेल, लंडन दोघांना ऐकून. पूर्ण संगीत फक्त लंडनला ऐकू येतं, तेव्हा श्रोतेही तिथेच बसवा. सिंगापूरच्या वादकांना हे आवडणार नाही, कार्यक्रमाआधी सांगून टाका.

यूट्यूबवरून वादक निवडून जमवलेल्या यूट्यूब सिम्फनी ऑर्केस्ट्राचं उदाहरण घेऊन बसू नका. २००९ मध्ये वादकांनी ऑनलाइन चाचण्या दिल्या, पण मैफल शेवटी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकत्र बसूनच झाली. लॉकडाउनमधले चौकटी-चौकटींचे व्हिडिओही स्वतंत्र रेकॉर्ड करून जुळवलेले असत.

साधनांबद्दल थोडक्यात: जॅकट्रिप, जॅम्युलस किंवा सोनोबस ही कमी उशिराने आवाज पोचवणारी सॉफ्टवेअर वापरा, वायफाय बंद करून केबल लावा, स्पीकर नको, हेडफोनच. कंडक्टरचा व्हिडिओ आवाजाच्याही मागे येतो, त्यामुळे त्याच्या हाताकडे बघून वाजवू देऊ नका. खुणा आवाजाच्या द्या, किंवा स्टॉपवॉचवर मिनिट-सेकंद लिहून द्या.

आणि शेवट. सगळ्यांनी मिळून एकदम मारायचा तो जोरकस शेवटचा फटका लिहू नका, तो तीन शहरांत तीनदा पडतो. मी एकेका शहराला गळू देतो आणि शेवटी एकच व्हायोला उरते.