परासरण म्हणावं की तर्षण?

प्रश्न असा आला आहे : शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीपटलाच्या धड्यात ‘विसरण’ (डिफ्यूजन) आणि ‘परासरण’ (ऑस्मॉसिस) हे शब्द येतात. विसरणाचा ‘विसरणे’ या क्रियापदाशी काही संबंध आहे का? परासरण म्हणजे पाण्याचं विसरणच असेल तर वेगळा शब्द कशाला? मराठी विश्वकोशात त्यासाठी ‘तर्षण’ दिसतो. जुन्या रसायनाच्या पुस्तकांत ‘अर्धपार्य पटल’ आणि शाळेच्या पुस्तकात ‘निवडक्षम पारपटल’. यांतलं बरोबर कोणतं?

विसरण्याचं आधी मिटवू. संबंध नाही. ‘विसरणे’ आलं संस्कृत ‘वि + स्मृ’पासून, प्राकृतात त्यातला ‘म’ गळला आणि आपल्यापर्यंत नुसता ‘स’ पोचला. ‘विसरण’ हे शास्त्रातलं नाम ‘वि + सृ’पासून, म्हणजे चहूकडे सरणं. दोघांची अक्षरं जुळली ती योगायोगाने. तशी गफलतही फारशी होत नाही, कारण विसरण्याच्या क्रियेला मराठीत कोणी ‘विसरण’ म्हणत नाही. विसर पडतो किंवा विस्मरण होतं.

या ‘सृ’चं गोत मात्र मोठं आहे. पसरणे, ओसरणे, निसरडं ही घरातली मंडळी. अनुसरण, रक्ताभिसरण, मलनिःसारण ही पोशाखी. संसारसुद्धा त्याच कुळातला. यात एक बारकावा आहे. ‘सरण’ म्हणजे आपणहून जाणं आणि ‘सारण’ म्हणजे दुसऱ्याने घालवणं. रक्ताचं अभिसरण, पण मलाचं निःसारण. आवाज प्रसरण पावत नाही, आकाशवाणी त्याचं प्रसारण करते. (करंजीतलं सारण या चर्चेत घेऊ नका.) पेशीपटलाच्या सगळ्या शब्दांना हाच प्रश्न विचारला तर बरंच काही उलगडतं : इथे कर्ता कोण?

विसरणात कर्ता कोणीच नाही, निदान बाहेरचा नाही. रेणू स्वतःच्या उष्णतेने सैरावैरा धावत असतात. दाटीच्या बाजूला ते जास्त, म्हणून तिथून निघणारेही जास्त. बेरीज-वजाबाकी केली की ओघ विरळ बाजूकडे दिसतो. एकाही रेणूला दिशा ठाऊक नसते. त्यामुळे ‘सरण’ हा घटक इथे चपखल आहे. आणखी एक गोष्ट : विसरणाला अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. पाण्यातला लहानसा रेणू पेशीएवढं, म्हणजे 10 मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या अगदी लहान भागात पार करतो. तोच 1 सेंटिमीटर जायला त्याला कित्येक तास लागतात. पेशी इतक्या लहान का, याच्या कारणांपैकी हे एक मोठं कारण.

आता परासरण. ‘परा’ म्हणजे दूर, पलीकडे. पलीकडे सरणं, इतकंच शब्द सांगतो. काय सरतं, कशातून सरतं आणि का, हे सांगत नाही. मूळ शब्दाची कथा जास्त रंगतदार आहे. 1748 मध्ये फ्रान्समध्ये झां-अँत्वान नोले याने मद्यार्काने भरलेल्या भांड्याला डुकराच्या मूत्राशयाचा पापुद्रा बांधला आणि ते पाण्यात बुडवून ठेवलं. पापुद्रा फुगला, इतका की टाचणी टोचल्यावर कारंजं उडालं. पुढे 1820च्या दशकात दुत्रोशे या फ्रेंच संशोधकाने ग्रीक ‘ओस्मोस’ घेऊन आत जाण्याला एक आणि बाहेर येण्याला एक असे दोन शब्द पाडले. आपले ‘अंतःपरासरण’ आणि ‘बहिःपरासरण’ ही त्यांचीच मराठी जोडी. टॉमस ग्रॅहमने 1854 मध्ये पुढची उपपदं छाटून एकच शब्द ठेवला, त्यातून आजचा ‘ऑस्मॉसिस’ आला. ग्रीक ‘ओस्मोस’चा अर्थ ढकलणं, रेटा.

आणि ‘तर्षण’? ते ‘तृष्’ धातूचं. तृषा, तृष्णा, तहान. ग्रीकात पाणी ढकललं जातं, मराठीत ते तहानेने ओढलं जातं. एकाच घटनेकडे दोन टोकांनी बघणारे हे दोन शब्द आहेत, आणि मला विचाराल तर मराठी शब्द सरस आहे. कारण पाणी कुठल्या बाजूला जाणार, हे तो शब्दच सांगून टाकतो : ज्या बाजूला मीठ-साखर जास्त, ती तहानलेली. मुलं परीक्षेत नेमकी इथेच घसरतात.

तरी शाळेत ‘परासरण’ रुळला आहे, हिंदीतही तोच आहे, आणि त्यावरून समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी ही पुढची सगळी माळ ओवलेली आहे. ती आता उसवून ‘तर्षण’ घालण्यात अर्थ नाही. लिहिताना परासरण लिहावं, समजावताना तर्षण सांगावं.

पण या दोन्हींच्या आधी मराठीकडे तिसरा शब्द होताच : पाणी सुटणे. काकडी चोचवून मीठ लावून ठेवली की तिला पाणी सुटतं. कैरीच्या फोडींना सुटतं. वांग्याच्या कापांना सुटतं. हेच बहिःपरासरण. व्याकरणाने पाहिलं तर ‘सुटणे’ अकर्मक आहे, पाणी सोडवणारा कोणी नाही. शास्त्राच्या दृष्टीने ही वाक्यरचना अगदी काटेकोर आहे. उलट बाजूला मनुका भिजून टम्म फुगते, तिथे आपण नुसतं ‘फुगणे’ म्हणतो.

पाण्याच्या विसरणाला वेगळा शब्द कशाला, याचं उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागतं. एक तर विसरणाला पटल लागत नाही. पाण्यात शाईचा थेंब पडला तरी विसरण होतं. परासरण मात्र पाण्याला जाऊ देणारं आणि विरघळलेल्याला अडवणारं काहीतरी मध्ये असल्याशिवाय होत नाही. दुसरं म्हणजे परासरणात दाब तयार होतो, आणि तो दाब मोजता येतो, उलटवताही येतो. बाहेरून जास्त दाब दिला की पाणी उलटं वाहतं. घरातल्या ‘आरओ’ यंत्रातला ‘आर’ म्हणजे ‘रिव्हर्स’, तो हाच. पेशीत तर पाण्यासाठी स्वतंत्र वाटच आहे. पीटर आगरे यांना 1990च्या आसपास लाल रक्तपेशीत सापडलेलं एक प्रथिन पाण्याची नळी निघालं. त्याला अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. पाण्याचे रेणू त्यातून एकामागोमाग एक जातात, एका नळीतून सेकंदाला सुमारे 3 अब्ज. आगरे यांना 2003 चं रसायनाचं नोबेल मिळालं, आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, वाटा उलगडणाऱ्या रॉडरिक मॅकिनन यांच्याबरोबर विभागून.

मुख्य वाद राहिला : अर्धपार्य की निवडक्षम?

‘अर्धपार्य’ हा भौतिक रसायनशास्त्राचा शब्द आहे आणि तिथे तो खोटा नाही. 1867 मध्ये मोरिट्झ ट्राउबे याने रासायनिक अवक्षेपाचं, म्हणजे द्रावणातून वेगळ्या होणाऱ्या घन साक्याचं, कृत्रिम पटल बनवलं. पुढे पफेफरने तसलंच पटल मातीच्या सच्छिद्र भांड्यात बसवून परासरण दाब मोजला. व्हान्ट हॉफने त्या आकड्यांवरून नियम बांधला, आणि 1901 चं पहिलंवहिलं रसायनाचं नोबेल त्याला मिळालं. या साऱ्यांना हवं होतं ते एक आदर्श पटल : द्रावणातल्या दोघांपैकी द्रावक पार होईल, द्राव्य होणार नाही. दोहोंपैकी एक, म्हणून अर्ध. हिशेब चोख आहे.

पेशीच्या पटलाला हा हिशेब लागू पडत नाही. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज जातात. मद्यार्कही जातो. युरिया जातो, पण सावकाश. ग्लुकोजला प्रथिनाची मदत लागते. सोडियमचा आयन एवढासा, पण तो मेदातून जवळजवळ जातच नाही. यात अर्ध काय आणि पाव काय? 1890च्या दशकात झुरिचमध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन याने शेकडो पदार्थ पेशींवर तपासले आणि दाखवलं की जे तेलात चांगलं विरघळतं ते आत लवकर शिरतं. यावरून पटल मेदाचं असावं असं ठरलं. 1925 मध्ये नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी लाल रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला. त्याचं क्षेत्र पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणून मेदाचे थर दोन. (त्यांचा मेदही पुरता निघाला नव्हता आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं, दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं.) 1972 मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी या तरल दुपदरी थरात प्रथिनं तरंगत असल्याचं चित्र मांडलं, ते थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही चालतं. सगळी जाडी मिळून जेमतेम 7-8 नॅनोमीटर.

तेव्हा पेशीसाठी ‘निवडक्षम’ हाच शब्द योग्य, असं माझं मत. पण इथेही कर्ता तपासावा. ‘पार्य’ म्हणजे जे पार करता येतं ते. पटल निमूट आहे, जाणारा दुसराच. ‘निवडक्षम’ म्हणजे निवडायला समर्थ. म्हणजे पटल कर्ता झालं. निवड हा मराठी शब्द आणि क्षम संस्कृत, असा संकर काही जाणकारांना खटकतो; मला खटकत नाही. खटकतो तो ‘पारपटल’. त्यात ‘पार’ नक्की काय करतो आहे ते कळत नाही. ‘निवडक्षम पार्य पटल’ असं सुटं लिहिलं तर अर्थ स्वच्छ होतो : पार करता येण्याजोगं, पण निवडून. मात्र मुलांना हेही सांगावं की पटलाला आवडनिवड नसते. ही निवड रेणूचा आकार, त्यावरचा विद्युतभार, मेदातली विद्राव्यता आणि कोणती प्रथिनं बसवलेली आहेत, यांवरून ठरते.

मेदाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. पटलातल्या फॉस्फोलिपिडच्या रेणूचं डोकं पाण्याकडे वळतं, शेपट्या पाण्यापासून दूर राहतात. डोक्याला आपण ‘जलस्नेही’ म्हणतो. आता संस्कृतात आणि वैद्यकात ‘स्नेह’ म्हणजे तेल-तूपही. स्निग्ध, स्नेहन हे सगळे त्यातलेच. म्हणजे तेलाच्या रेणूचा जो भाग तेलासारखा वागत नाही, नेमका त्यालाच आपण ‘स्नेही’ ठरवलं. शेपट्यांना काही जण ‘जलद्वेषी’ म्हणतात, ते मात्र टाळावं. तेलाला पाण्याचा राग नसतो. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि त्या गोतावळ्यात तेलाला जागा उरत नाही. ‘जलविरोधी’ही फार बरा नाही, पण रुळला आहे.

‘वहन’ कधी म्हणावं, हे प्रश्नात नव्हतं. पण सरण आणि सारण झाल्यावर ते टाळता येत नाही. वाहणारा, म्हणजे उचलून नेणारा असेल तिथे वहन. ग्लुकोज प्रथिनाच्या मदतीने दाटीकडून विरळाकडे जातं तेव्हा वाहक असतो, ऊर्जा खर्च होत नाही. विरळाकडून दाटीकडे न्यायचं असेल तर ऊर्जा मोजावी लागते, ते सक्रिय वहन. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 मध्ये ज्याचा छडा लावला तो सोडियम-पोटॅशियम पंप याचं ठळक उदाहरण : एटीपीचा (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचा) एक रेणू खर्चून 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. ‘जलसंजीवनी’ चालते तीही या पंपाच्या जिवावर. आतड्याच्या पेशीत सोडियम कमी राहतं ते पंपामुळे, म्हणून बाहेरचं सोडियम आत यायला बघतं; ज्या प्रथिनातून ते येतं, ते ग्लुकोजला बरोबर घेतल्याशिवाय सोडियमलाही सोडत नाही; आणि दोघं आत गेली की मागोमाग पाणी. म्हणून एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. अतिसारात नुसतं पाणी पाजून किंवा नुसतं मीठ घालून ते साधत नाही.

राहता राहिले सम, अव आणि अति. ही विशेषणं पेशीची नसून बाहेरच्या द्रावणाची आहेत, आणि ती पाण्याबद्दल नसून विरघळलेल्या पदार्थाबद्दल आहेत. अवपरासारी म्हणजे द्राव्य कमी, म्हणजेच पाणी जास्त. अशा द्रावणात लाल रक्तपेशी फुगून फुटते. दवाखान्यातलं नेहमीचं सलाइन 0.9 टक्के मिठाचं असतं, ते समपरासारी. मात्र ‘परासारी’ या एकाच शब्दावर आपण दोन कामं लादली आहेत. सलाइनइतकेच कण असलेलं युरियाचं द्रावण घ्या. कणांच्या हिशेबाने ते सम आहे. पण त्यात टाकलेली लाल रक्तपेशी फुटते, कारण युरिया स्वतःच पटलातून आत शिरतो आणि त्याच्यामागे पाणी. इंग्रजीत कणांची मोजदाद (आयसोऑस्मॉटिक) आणि पेशीवरचा परिणाम (आयसोटॉनिक) यांना वेगळे शब्द आहेत, मराठीत दोन्हींना ‘समपरासारी’. परिणामासाठी ‘समताणी’ चालेल का, असा माझा प्रस्ताव आहे; मूळ ‘आयसोटॉनिक’ शब्दातही ‘ताण’च आहे. कोणाला याहून बरा सुचला तर अवश्य कळवा.