डिएंगचा बटाटा

प्रश्न : सातगाव पठारावर माझी बटाट्याची शेती आहे. जावाच्या डोंगरातही बटाटा होतो म्हणे. तिथल्या शेतकऱ्याचं कसं चाललंय? पोरं गावात टिकतात का?
— एक वाचक, आंबेगाव तालुका

उत्तर : दादा, मध्य जावातल्या डिएंग पठारावर मी तीन आठवडे एका शेतकऱ्याच्या घरी राहिले. उंची सुमारे २,००० मीटर. विषुववृत्ताजवळ असूनही जुलै-ऑगस्टच्या पहाटे पाल्यावर हिम धरतं. त्याला ते ‘एम्बुन उपास’ म्हणतात, म्हणजे विषारी दव (आपला उपास नव्हे!). एका रात्रीत हिरवागार मळा करपतो. घरमालकीण रात्रीतून दोनदा उठून दारात उभी राहायची, थंडीचा अंदाज घ्यायला.

पैसा बटाट्यानेच आणला, हे खरं. पण सऱ्या उताराच्या दिशेने, वरून खाली पाडतात. आडव्या सरीत पाणी तुंबून कंद कुजतो. मग पावसात माती थेट सेरायू नदीत जाते आणि खतांचा खर्च वाढतच राहतो. मला हे काही फार वर्षं चालेलसं वाटत नाही.

पोरं? धाकटा पर्यटकांना खोल्या देतो. लोक जुनी देवळं बघायला येतात. गाव मुसलमान, देवळांची नावं अर्जुन, भीम, घटोत्कच! सून कारिका, म्हणजे डोंगरी पपई, पाकात घालून विकते. थोरला शेतातच आहे. निघताना त्याने मला एकच विचारलं : तुमच्याकडे किलोला काय भाव मिळतो?