पिल्लू तर झालं, पण जायचं कुठे?

प्रश्न : ताई, परदेशातल्या एका झूमधे हत्तीणीला पिल्लू झाल्याचा व्हिडिओ माझ्या लेकीने (दुसरीत आहे) पंचवीस वेळा तरी बघितला असेल. आता रोज विचारते, अशी खूप पिल्लं झाली की हत्ती वाचतील ना? मी हो म्हणून मोकळी झाले पण मलाच खात्री नाही. खरं काय ते सांगाल का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अहो, असले व्हिडिओ मीपण बघत बसते. शंभरेक किलोचं ते धूड, अंगावर लव, आणि सोंडेचं करायचं काय हे त्याला अजिबात कळत नसतं, स्वतःच्याच सोंडेवर पाय देऊन धडपडतं, दूध पिताना तर सोंड बाजूला टाकून सरळ तोंडच लावतं. सोंडेने नीट पाणी ओढायला जमायलाच कित्येक महिने जातात.

पण लेकीला बिबट्याचं उदाहरण द्या, नाशिकच्या पोरांना बिबट्या काय ते वेगळं सांगायला नको. बिबट्याची मादी तीन-साडेतीन महिन्यांत दोन-तीन पिल्लं घालते आणि उसातसुद्धा वाढवते. हत्तीण अठरा ते बावीस महिने पोट वागवते, पिल्लू बहुतेक एकच, आणि पुढचं होईपर्यंत चार-पाच वर्षं जातात. म्हणजे रेल्वेखाली किंवा शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटने एक हत्तीण गेली की ती भरून यायला किती वर्षं लागतील बघा. आशियाई हत्ती १९८६ पासून धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. जंगलात साधारण चाळीस ते पन्नास हजार उरलेत असं धरतात आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भारतात. २०२५ ला आपल्याकडे लिदीच्या डीएनएवरून मोजणी झाली, २२,४४६ आकडा आला. २०१७ ला २९,९६४ होता, पण मोजायची पद्धतच बदलली त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'इतके मेले' असं म्हणता येत नाही, व्हॉट्सॅपवर तसं फिरतंय खरं.

झूमधलं पिल्लू सहसा जंगलात सोडत नाहीत. त्यामुळे तुमच्या लेकीचं गणित तिथेच अडतं. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा लागतो, तो फिरतच खातो, आणि अडचण असते ती त्याच्या फिरायच्या वाटांची. २०२३ ला केंद्राच्या अहवालात देशात असे १५० कॉरिडॉर नोंदवलेत. वाट अडली की हत्ती शेतात येतो, मग भांडण. आपल्याच राज्यात दोडामार्गला वीसेक वर्षांपूर्वी कर्नाटकातून हत्ती आले तेव्हापासून तिथले लोक केळी-माड गमावून बसलेत, त्यांना कुणी हत्तीप्रेमाचं भाषण देऊ नये.

मग झू बिनकामाचे का? तसंही नाही. लहान हत्तींना एक हर्पिस व्हायरस होतो, सकाळी खेळणारं पिल्लू दोन दिवसांत जातं, जंगलात पण होतो हा. त्याच्यावरची एक लस अमेरिकेतल्या ह्यूस्टन झूमधे २०२४ ला एका हत्तीणीला पहिल्यांदा टोचली. लस लागू पडतेय का ते रक्त तपासून कळतं, आणि जंगलातल्या हत्तीचं रक्त दर आठवड्याला कोण काढणार, ते काम झूमधेच होऊ शकतं. बाकी भारतात २००९ मधे केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने झूमधले हत्ती वनखात्याच्या कॅम्पात हलवा असं सांगितलं होतं, कारण आपल्या झूमधे त्यांना पुरेल एवढी जागाच नाही. सगळीकडे ते झालं नाही, पण मला ते पटतं.

लेकीला म्हणावं, पिल्लू छानच आहे, फक्त त्याला फिरायला जंगल पण लागतं. दुसरीतल्या पोरीला एवढं कळतं.

प्रश्न : सासूबाईंकडे हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी आहे, नजर लागत नाही म्हणतात. मलाही एक घ्यायची आहे, चालेल का?
– वाचक, सिडको

उत्तर : नका घेऊ. आमच्या लहानपणी पंचवटीत माहूत हत्ती घेऊन दारात यायचा, चार-आठ आण्याला केस द्यायचा, आईने मला पण घेतली होती आणि मी ती गोदेत हरवली, नजर लागली की नाही आठवत नाही. आता वन्यजीव कायद्याने हा केस विकणं-घेणं गुन्हा आहे. आणि बाजारात मिळतो तो बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो, पेटवून बघा, केसाचा वास येतच नाही. सासूबाईंच्या अंगठीबद्दल मात्र एखाद्या वकिलाला विचारा, त्यात मी पडत नाही.