दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशन (हृदयात ठोके बिघडवणारी जागा भाजून निकामी करणं) झाल्यावर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले अनियमित ठोके) पुन्हा उलटेल का, हे आधी कळतं का?

खात्रीने नाही, पण धोका कमी की जास्त याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी दुसऱ्या अ‍ॅब्लेशनचा रिपोर्ट नीट वाचायला हवा. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांचा हृदयाशी असलेला विद्युत-संपर्क पहिल्या वेळी तोडलेला असतो; तो पुन्हा जुळलेला सापडला होता का, ते बघा. हा विकार सुरू करणारे ठोके बहुतेक वेळा याच शिरांतून निघतात, हे 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉ. हाइसागेर यांच्या गटाने दाखवलं. संपर्क जुळलेला असेल तर दुरुस्त करण्याजोगी जागा सापडली, ही चांगली गोष्ट. शिरांचा संपर्क आधीच पक्का तुटलेला असेल तर उगम दुसरीकडे असतो, आणि तिथे त्रास उलटण्याची शक्यता वाढते. डॉक्टर ‘अ‍ॅपल’ स्कोअरही वापरतात. त्यात या प्रत्येकाला एक गुण:

- वय 65 च्या वर
- फिब्रिलेशन सततचं
- ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचं माप) 60 च्या खाली
- हृदयाचा डावा वरचा कप्पा 43 मिमी किंवा मोठा
- इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) 50 टक्क्यांखाली

गुण जास्त, तर धोका जास्त. मात्र पहिल्या दोन महिन्यांत ठोके बिघडले म्हणून लगेच धीर सोडू नका; भाजलेल्या जागेची सूज उतरेपर्यंत असं होतं. तेव्हाचा ईसीजी मात्र जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.