विहिरीवरच्या बादलीपासून सुरू कर

बाबू, फिजिक्सच्या एम.एस्सी.ला लागून महिना नाही झाला आन् तू स्ट्रिंग थिअरीचे व्हिडिओ पाहतोस म्हणे. पाहा बापा, पण त्यानं हात बसत नाही.

आधी वावरातल्या विहिरीवर जा. 4 मीटर दोराला बादली बांध, थोडीशीच हलव. जाऊन-येऊन एक झोका साधारण 4 सेकंदांचा भरेल. दोर 1 मीटर केला तर 2 सेकंद. मग घरी येऊन हेच गणित दोनदा सोडव. एकदा न्यूटनच्या रीतीनं, दोरातला ताण वगैरे धरून. दुसऱ्यांदा लाग्रांज या गणितज्ञाच्या रीतीनं: गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा कर आणि थेट कोनाचं समीकरण काढ. ताण मध्ये येतच नाही! मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा लाइन गेलेली होती; कंदिलाच्या उजेडात तीनदा ताळा केला.

मग एमी नोएथर या गणितज्ञ बाईंचा 1918 चा सिद्धांत. निसर्गाचे नियम काल-आज तेच असतील तर ऊर्जा अक्षय्य राहते. इथं-तिथं तेच असतील तर संवेग. फिरवून पाहिलं तर काय टिकतं, ते तूच काढ.

टेन्सरची, म्हणजे सदिशांच्या पुढच्या गणिताची, घाई नको. रेषीय बीजगणित कच्चं असेल तर क्वांटममध्ये रोज अडशील. दिवाळीत येशील तेव्हा वही घेऊन ये.