रुपयावरचे रंग: आपसूक चढलेले की चढवलेले?

प्रश्न: पंचम जॉर्जचा १९१९ चा चांदीचा रुपया घ्यायचा विचार आहे. कडेला निळा-जांभळा आणि मध्ये सोनेरी रंग आहे. विक्रेता ‘नॅचरल टोनिंग’ (आपसूक चढलेला रंग) म्हणून दुप्पट भाव सांगतो. खरंखोटं कसं ओळखावं?

उत्तर: चांदीचा गंधकाशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. रंग ठरतो तो थराच्या जाडीवर: आधी पिवळा, मग सोनेरी-तांबूस, जांभळा, निळा, जाडी फारच वाढली की काळा. पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये गंधक कडेकडून आत सरकतो, तेव्हा तुम्ही सांगता तो क्रम पटण्यासारखा आहे. सोनेरीला थेट निळा भिडला असेल, मधला जांभळा गायब असेल, तर मात्र थांबा.

पण क्रमावर निकाल देऊ नका. गंधक आणि उष्णता वापरून रंगवणाऱ्यालाही हाच क्रम मिळतो, रसायन तेच ना! पाहायचं ते रंगाखाली. एकाच दिव्याखाली नाणं कडेला धरून तिरपं फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चकाकीचा पट्टा रंगाखालूनही फिरतो. मग दहापट भिंगातून राजाच्या भोवतालची अक्षरं बघा. नैसर्गिक थरात अक्षराच्या पायथ्याशी रंग बरेचदा फिका होतो किंवा एकदम बदलतो. चढवलेला रंग अक्षरावरून न अडता पलीकडे जातो, कुठे थेंबाचा गोल डागही दिसतो. राजाचा गाल झिजलेला आणि त्यावर भडक इंद्रधनुष्य, हेही संशयास्पद. वापरातल्या रुपयावर सहसा राखी-काळपट छटा येते.

आपल्याकडे आणखी एक भानगड. हे रुपये माळेत ओवलेले असत, शिवाय पूजेसाठी चिंच-राखेने घासलेलेही. रंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसले तर नाणं घासून मग रंगवलेलं असू शकतं. राजाच्या डोक्यावरची कड नीट तपासा: माळेसाठी जोडलेल्या कडीच्या डाखाची खूण झाकायला रंग फार सोयीचा पडतो. डाख निघाला तर दुप्पट सोडाच, नेहमीचा भावही देऊ नका.

प्रश्न: ॲसिटोनमध्ये बुडवून कळेल का?

उत्तर: अर्धंच. मार्कर, लाख, तेलकट थर सुटतात. सल्फाइडला काही होत नाही. म्हणून रंग सुटला तर तो सल्फाइडचा नव्हे, टिकला तर काहीच सिद्ध होत नाही. शुद्ध ॲसिटोन घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नको. काचेच्या वाटीत पाच मिनिटं ठेवा, चोळू नका, खिडकी उघडी आणि गॅस बंद. अर्थात, नाणं विकत घेतल्यावरच.